महागडं पिस्तूल नको, हाताला बसणारं हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर नेमबाजीच्या रेंजवर मुलांची गर्दी वाढली आहे. मनू भाकरची दोन कांस्यपदकं, त्यातलं एक सरबज्योत सिंगसोबतचं, आणि राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेचं रायफलमधलं कांस्य, यांचा तो परिणाम आहे आणि तो चांगलाच आहे. पण चार-सहा महिने सराव झाला की पालकांचा प्रश्न येतो, "आता स्वतःचं पिस्तूल घ्यायचं, कोणतं घेऊ?" आणि लगेच दुसरा, "मेडलवाले कोणतं वापरतात?" पहिला प्रश्न रास्त आहे. दुसऱ्या प्रश्नापायी मात्र लाखाच्या वरचा खर्च होतो आणि मुलाचे गुण आहेत तिथेच राहतात, कधी कधी उतरतातही. एकाच नेमबाजाला एक पिस्तूल साथ देतं आणि दुसरं देत नाही, याची कारणं ठोस आहेत. ती पालकांपर्यंत आणि क्लब चालवणाऱ्यांपर्यंत पोचावीत म्हणून हे पत्र.

आधी नळीबद्दलचा गैरसमज दूर करू. १० मीटर एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं असतं आणि छर्रा ४.५ मिमीचा. छर्ऱ्याची कड रेषेला शिवली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य केंद्रापासून ८ मिमीपर्यंत सरकला तरी पूर्ण दहा. सामन्याचं कोणतंही नावाजलेलं पिस्तूल, स्टायर असो, मोरिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ की पार्डिनी, व्हाइसमध्ये, म्हणजे लोखंडी शिकंज्यात, पक्कं धरून चालवलं तर पाच छर्रे जवळजवळ एकाच भोकातून जातात. नव्या पिस्तुलासोबत बऱ्याचदा तसं टेस्ट कार्डही येतं. वेगातल्या फरकाचंही तेच. छर्रा सेकंदाला सुमारे १५० मीटर वेगाने सुटतो. शॉटगणिक त्यात ५ मीटरचा फरक पडला, तरी १० मीटरवर तो जेमतेम दीड मिमी वर-खाली लागेल. म्हणजे नळी सगळ्यांचीच पुरेशी अचूक आहे. आठ आणि सात लागतात ते नळीमुळे नाही.

ते लागतात कोनामुळे. नेम धरायला नळीच्या टोकावर उभी पट्टी असते, ती फ्रंट साइट, आणि मागे खाच असते, ती रिअर साइट. त्यांच्यात साधारण ३२० मिमी अंतर धरा. पुढची साइट मागच्या खाचेत फक्त ०.१ मिमी बाजूला सरकली तर टार्गेटवर ३ मिमीचा फरक पडतो. अर्धा मिमी सरकली तर जवळपास १६ मिमीचा, म्हणजे दोन गुणांचा, कारण प्रत्येक वर्तुळाची पट्टी ८ मिमीची असते. याउलट दोन्ही साइट एका रेषेत राहून संपूर्ण हातच ५ मिमी हलला, तर छर्राही ५ मिमीच हलतो. म्हणून हात थोडा डोलला तर फारसं बिघडत नाही, मनगट वळलं तर बिघडतं. जे पिस्तूल मनगट न वळवता आपसूक रेषेत येतं आणि ट्रिगर सुटेपर्यंत रेषेतच राहतं, ते त्या नेमबाजाचं. दुसऱ्याच्या हातात तेच पिस्तूल परकं वाटू शकतं, जसा दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा.

हे सगळ्यात जास्त ठरतं ग्रिपवर, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीवर. पिस्तूल डाव्या हाताने धरून उजव्या हाताच्या बेचक्यात, म्हणजे अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या खळग्यात, शक्य तितकं वर आणि खोल बसवायचं. मधलं बोट ट्रिगर गार्डच्या खाली घट्ट लागलं पाहिजे, पिस्तुलाचा भार त्यावर येतो. पकड मधल्या बोटाची आणि अनामिकेची, आणि ती सरळ मागे. करंगळी हलकी, अंगठा नुसता टेकलेला. पाम शेल्फ, म्हणजे तळव्याखालची सरकती फळी, तळव्याच्या खालच्या कडेला टेकली पाहिजे, दाबता कामा नये. नवशिके ती आवळून टाकतात, कारण पहिल्या पाच शॉटना पिस्तूल गच्च वाटतं. पण ६० शॉट आणि ७५ मिनिटांच्या सामन्यात, आपल्याकडच्या उकाड्यात, हात थोडा फुगतोच. चाळिसाव्या शॉटला तीच फळी रुतायला लागते, बोटं बधिर होतात आणि गट, म्हणजे टार्गेटवरचा छर्ऱ्यांचा पुंजका, खाली घसरतो. फळी सैल असेल तर उलटा त्रास. दर वेळी पिस्तूल हातात वेगळं बसतं आणि शॉट चारही बाजूंना पसरतात. नियमाचंही भान हवं. मनगट मोकळं दिसलं पाहिजे, ग्रिप हाताला वेढणारी चालत नाही आणि पाम शेल्फ काटकोनापेक्षा कमी कोनात वर उचललेली असेल तर उपकरण तपासणीतच पिस्तूल अडतं.

ग्रिप बसते की नाही हे पाहायला महागडं यंत्र लागत नाही. हाताला टाल्कम पावडर लावून पिस्तूल धरायचं, मग हात अलगद काढून लाकडाकडे पाहायचं. जिथे पावडर उमटली नाही तिथे पोकळी आहे, तिथे एपॉक्सी किंवा लाकडाच्या पुट्टीचा एक-दोन मिमीचा थर द्यायचा. जिथे दाट उमटली तिथे कानशीने किंचित खरवडायचं. एका वेळी एकच जागा, आणि मग निदान दोन-तीन सरावसत्रं थांबायचं, कारण हाताला नव्या आकाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. दुसऱ्याच्या ग्रिपचा फोटो पाहून तासायला बसणारे चांगलं अक्रोडाचं लाकूड वाया घालवतात.

दुसरी चाचणी डोळे मिटून करायची. टार्गेटसमोर नेहमीसारखं उभं राहून डोळे मिटायचे, पिस्तूल वर न्यायचं, नेहमीच्या उंचीवर थांबायचं आणि डोळे उघडायचे. फ्रंट साइट खाचेच्या मधोमध दिसली तर ग्रिपचा कोन बरोबर. ती दर वेळी खाचेच्या वर दिसत असेल, तर ग्रिप नळीच्या मानाने जास्त तिरकी आहे, ती उभी करायला हवी. दर वेळी खाली बुडालेली दिसली तर उलटं. उजवीकडे दिसत असेल तर नळी उजवीकडे बघते आहे, म्हणून ग्रिपमध्येच पिस्तूल थोडं डावीकडे फिरवायला हवं. आजच्या बहुतेक सामन्याच्या पिस्तुलांत यासाठी स्क्रू असतात. ते न फिरवता जो मुलगा दर शॉटला मनगट वळवून साइट जुळवतो, त्याचं मनगट ट्रिगर दाबण्याच्या क्षणी थोडं सैल पडतं आणि मूळ जागी जाऊ पाहतं. ०.१ मिमीचा हिशोब इथे कामाला येतो. मनगट खाली दाबून कुलूपबंद होईल इतपत तिरकेपणा बहुतेकांना मानवतो, पण किती हे ज्याच्या त्याच्या सांध्यावर अवलंबून असतं.

जाता जाता एक साधी गोष्ट. गट अचानक पसरला तर आधी ग्रिपचा स्क्रू ॲलन कीने तपासा. रोज काढघाल होणाऱ्या क्लबच्या पिस्तुलांत तो सैल झालेला असतो, आणि मूल बिचारं आपल्याच चुका शोधत बसतं.

आता ट्रिगर. एअर पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅमचा ट्रिगर लागतो, म्हणजे तो सुटायला निदान तेवढा दाब लागला पाहिजे, आणि पिस्तुलाचं वजन १५०० ग्रॅमपर्यंत चालतं. प्रत्यक्षात ती ९५० ग्रॅमच्या आसपास असतात. ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा साधारण ३५० ते ४०० ग्रॅमवर ठेवावा आणि दुसरा उरलेल्या १००-१५० वर, म्हणजे बोट दुसऱ्या टप्प्याच्या भिंतीला टेकलं की सुटायला थोडंच उरतं. एकूण आकडा नेमका ५०० ठेवू नये, ५१० ते ५२० ठेवावा. तपासणीत ट्रिगरला अडकवलेलं वजन पिस्तुलाने उचलायचं असतं, तीन प्रयत्न मिळतात, आणि सामन्यानंतरच्या तपासणीत वजन उचललं गेलं नाही तर नेमबाज बाद होतो. वीस ग्रॅम वाचवून असं काही मिळत नाही.

वजनापेक्षा जास्त फरक पडतो तो ट्रिगरच्या अंतरामुळे. पकड पक्की बसल्यावर तर्जनीच्या पहिल्या पेराचा मध्य ट्रिगरवर आला पाहिजे आणि दाब नळीला समांतर, सरळ मागे गेला पाहिजे. बोटाचा बाकी भाग लाकडाला शिवता कामा नये. मध्ये कागद सरकवून पाहावा, सहज गेला पाहिजे. ट्रिगर फार पुढे असेल तर मुलाचं बोट जेमतेम टोकाने पोचतं, दाब तिरका होतो आणि उजव्या हाताच्या नेमबाजाचे शॉट डावीकडे जाऊ लागतात. फार मागे असेल तर पेराचा सांधाच ट्रिगरवर येतो आणि शॉट उजवीकडे ओढले जातात. अशा वेळी रिअर साइट फिरवून गट मधोमध आणला की सुटलो असं वाटतं. पण दोष तसाच राहतो, आणि दडपणाखाली दाब वाढला की तो दुप्पट दिसतो. ट्रिगर पुढे-मागे सरकतो, फिरतो, तिरकाही होतो. ती सोय वापरायलाच दिलेली आहे.

ट्रिगर स्टॉप हा त्याच यंत्रणेतला दुर्लक्षित स्क्रू. शॉट सुटल्यावर बोट आणखी मागे जात राहिलं तर छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत धक्का बसू शकतो. स्टॉप सुटण्याच्या जागेपाशी आणावा, पण केसभर जागा सोडावी. अगदी टोकाला घट्ट केला तर ऐन वेळी ट्रिगर सुटतच नाही.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर चांगला की यांत्रिक, यावर रेंजवर बरीच चर्चा होते. इलेक्ट्रॉनिकमध्ये धातूवर धातू घासत नाही, म्हणून सुटणं दर वेळी सारखं वाटतं. पण तिथे बॅटरी आणि सर्किट सांभाळावं लागतं. टोकियोत १० मीटरच्या पात्रता फेरीत मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला आणि ५७५ गुणांसह ती बाराव्या स्थानी राहिली. अंतिम फेरीत आठच जण जातात. यांत्रिक पिस्तूलही बिघडतंच, तेव्हा प्रकारावर दोष नको. पण राखीव पिस्तूल ठेवायचं असेल तर ते त्याच ग्रिपचं आणि त्याच ट्रिगर मापाचं असावं. तसं नसेल तर ते असून नसल्यासारखंच.

वजन आणि तोल यांच्याबद्दल मुलांच्या बाबतीत फार चुका होतात. पुढे वजन असलं की पिस्तूल सावकाश डोलतं, हे खरं. म्हणून मोठ्या नेमबाजांना नळीखाली वीस-तीस ग्रॅमची वजनं लावायला आवडतात. पण बारा-तेरा वर्षांच्या मुलाला तेच पिस्तूल दिलं तर दहा-दहा शॉटच्या पहिल्या दोन सिरीज झकास जातात, मग खांदा थकतो, मूल कमरेतून मागे झुकतं आणि उंची सांभाळायला मनगट वर ओढतं. लहान सिलिंडरचं (दाबलेल्या हवेच्या नळकांड्याचं), आखूड, हलकं मॉडेल अशा मुलांसाठीच असतं. ते "बच्चा मॉडेल" म्हणून नाकारणारे पालक मुलाच्या खांद्यावर अन्याय करतात. सिलिंडरवरची तारीखही पाहा. दहा वर्षांची मुदत संपलेलं सिलिंडर सामन्यात चालत नाही आणि सरावातही २०० बारने भरू नये. जुनी पिस्तुलं विकत घेताना बहुतेक जण नेमकं हेच पाहायला विसरतात.

साइटचंही वयाशी नातं आहे. मुलाचा हात आखूड, म्हणून रिअर साइट त्याच्या डोळ्याला जास्त जवळ येते आणि तीच खाच त्याला अधिक रुंद दिसते. फ्रंट साइटच्या दोन्ही बाजूंचा प्रकाशाचा पट्टा वाढतो आणि मधोमध कुठे ते डोळ्याला ठरवता येत नाही. खाच अरुंद करावी किंवा फ्रंट साइट रुंद लावावी. काळ्या वर्तुळाइतकी रुंद दिसणारी साइट हे ठीक माप आहे. उलट चाळिशीनंतरच्या नेमबाजाला थोडी रुंद खाच सुखाची वाटते.

इथे तुर्कस्तानच्या युसूफ डिकेचचा दाखला हमखास दिला जातो. पॅरिसमध्ये साधा चष्मा आणि खिशात हात अशा थाटात त्याने मिश्र सांघिक रौप्य जिंकलं, म्हणजे उपकरणाला काही अर्थ नाही, असं लोक म्हणतात. त्याने टाळले ते डोळ्यांपुढचे भिंग आणि झापडं. हातातलं पिस्तूल सामन्यासाठीच बनवलेलं, शरीरशास्त्राप्रमाणे घडवलेल्या ग्रिपचं होतं. पिस्तुलात रायफलसारखं ताठ जॅकेट नसतं. हात आणि ग्रिप यांच्यामध्ये दुसरं काहीच नाही, म्हणून तर ग्रिपला एवढं महत्त्व.

२५ मीटरला हिशोब थोडा बदलतो. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१३ मध्ये चांगवॉन विश्वचषकात आणि २०१८ मध्ये आशियाई स्पर्धेत ज्या प्रकारात सुवर्ण मिळवलं, त्या महिलांच्या २५ मीटरमध्ये पॉइंट टू टूचं, म्हणजे ५.६ मिमीचं पिस्तूल असतं. ट्रिगर किमान १००० ग्रॅम, पिस्तुलाचं वजन जास्तीत जास्त १४०० ग्रॅम आणि साइटमधलं अंतर २२० मिमीपेक्षा जास्त नाही. ट्रिगर दुप्पट आणि साइटचं अंतर कमी, म्हणून इथे तिरका दाब आणखी महागात पडतो. ०.१ मिमीची चूक टार्गेटवर ११ मिमी होते. रॅपिडच्या भागात टार्गेट ३ सेकंद समोर येतं आणि ७ सेकंद वळलेलं राहतं. दोन शॉटमध्ये एवढा वेळ असल्याने झटक्यातून सावरणं हा मुख्य प्रश्न नाही. हात ४५ अंशांतून वर येताना साइट आपोआप जुळतात का, हा आहे. डोळे मिटून करायची चाचणी इथे सगळ्यात जास्त उपयोगी. पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये मात्र शेवटच्या सिरीजला ४ सेकंदांत पाच टार्गेटवर पाच गोळ्या मारायच्या असतात. तिथे नळी हाताच्या जितकी जवळ तितकं तोंड कमी उडतं आणि पुढच्या टार्गेटवर लवकर जाता येतं. याशिवाय पॉइंट टू टूला कोणतं काडतूस त्या पिस्तुलाशी जुळतं ते पाहावं लागतं. कमजोर काडतूस बोल्ट, म्हणजे पुढची गोळी भरणारा सरकता भाग, पूर्ण मागे ढकलत नाही आणि पुढची गोळी अडकते. मग दोष पिस्तुलाला दिला जातो. दोन-तीन जातींची काडतुसं चालवून, एक ठरवून, तीच घ्यावीत.

सामन्याबाहेरही हेच गणित लागू आहे. स्वसंरक्षणासाठी परवाना घेणाऱ्यांना हलकं रिव्हॉल्व्हर सोयीचं म्हणून सुचवलं जातं. कानपूरच्या कारखान्यातलं, २०१४ मध्ये आलेलं 'निर्भीक' हे जेमतेम अर्ध्या किलोचं, महिलांसाठी म्हणून गाजलं. पर्समध्ये ते हलकं, हे खरं. पण घोडा न चढवता नुसत्या ट्रिगरने चालवायच्या कोणत्याही रिव्हॉल्व्हरला काही किलोंचा दाब लागतो, शस्त्राच्या वजनाच्या कित्येक पट. एवढा दाब देताना हलकं शस्त्र हातात वळतं, आणि उडाल्यावर झटकाही जास्त देतं. नवख्या हाताला हलकं शस्त्र चालवायला सोपं नसतं, अवघड असतं. परवान्यासोबत प्रशिक्षण देणाऱ्यांनी हे आधी सांगावं.

क्लब आणि क्रीडा खात्याकडे मागणी एवढीच. अनेक रेंजवर सगळी पिस्तुलं मध्यम मापाच्या उजव्या ग्रिपची आहेत. लहान हाताच्या मुली त्यावर वर्ष-वर्ष सराव करतात आणि "ट्रिगरवर कच्ची" असा शिक्का घेऊन बाहेर पडतात, जेव्हा त्यांचं बोट ट्रिगरपर्यंत धड पोचतच नाही. पुढचं पिस्तूल घेण्याआधी त्याच पैशांत एक्स्ट्रा स्मॉल, स्मॉल आणि लार्ज अशा सुट्या ग्रिप घ्याव्यात. प्रत्येक रेंजवर ५०० आणि १००० ग्रॅमची तपासणीची वजनं असावीत. महिन्यातला एक दिवस फक्त ग्रिप आणि ट्रिगर जुळवण्यासाठी राखावा, त्या दिवशी गुण मोजू नयेत. पालकांनी विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याकडे किंवा क्लबमध्ये निदान पन्नास-साठ शॉट त्याच पिस्तुलाने मारायला मागावेत, कारण पहिल्या दहा शॉटना नवं पिस्तूल नेहमीच चांगलं वाटतं. आणि डाव्या हाताच्या मुलांना उजव्या ग्रिपवर "सवय होईल" म्हणून उभं करणं आजच थांबवावं. डावी ग्रिप सगळे मोठे उत्पादक बनवतात, मागणी नोंदवली की येते.

आपला नम्र,
एक पिस्तूल प्रशिक्षक, कोल्हापूर